बिऱ्हाडाचा खर्च कोणाचा?

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. विंचवाचं बरं आहे हो! त्याला खोकी लागत नाहीत, ट्रक लागत नाही, जुन्या घरमालकाकडून डिपॉझिट परत मिळवायला चार फोन करावे लागत नाहीत. आणि मुख्य म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये टॅक्स रिटर्न भरताना "हा सगळा खर्च कुठल्या रकान्यात दाखवायचा?" असा प्रश्न त्याला पडत नाही.

आमच्या नात्यातली मुलं आता एकेक करून अमेरिकेत नोकरीला लागताहेत. कोणी पिट्सबर्गहून सिअ‍ॅटलला, कोणी डॅलसहून बोस्टनला. आणि दर वर्षी मार्चच्या सुमारास कोणाचा तरी फोन येतोच, "आत्या, नोकरीसाठी शहर बदललं की सामान हलवायचा खर्च टॅक्समधून वजा होतो ना? तुम्ही लोकांनी केला होता ना?" हो, आम्ही केला होता. पण तुम्हाला नाही करता येणार. उत्तर एवढंच आहे. पण या "हो" आणि "नाही"च्या मध्ये साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि तो मला टॅक्सपेक्षा जास्त रंजक वाटतो. म्हणून हा लेखप्रपंच. (टॅक्सवर लेख म्हटल्यावर पळून जाऊ नका. आकडे कमी आणि माणसं जास्त ठेवायचा प्रयत्न करते.)

मूळ प्रश्न अगदी साधा आहे. नोकरीसाठी घर हलवलं तर तो खर्च पैसे कमवण्यासाठी केलेला खर्च धरायचा, की तुमचा घरगुती, खासगी खर्च? दुकानदाराने माल आणायला टेम्पो केला तर ते भाडं धंद्याचा खर्च. मग कामगाराने स्वतःला कामाच्या गावी नेलं तर?

अमेरिकेत सध्याचा प्राप्तिकर १९१३ साली आला, तेव्हापासूनच कायद्यात म्हटलं होतं की खासगी, राहणीचे आणि कौटुंबिक खर्च वजा होणार नाहीत. घर कुठे करायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न! या विचाराचा सगळ्यात गाजलेला खटला म्हणजे १९४६ सालचा 'कमिशनर विरुद्ध फ्लॉवर्स'. हे फ्लॉवर्स एका रेल्वे कंपनीचे वकील. घर मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सनमध्ये आणि कंपनीचं मुख्य ऑफिस अलाबामातल्या मोबील गावी. घर सोडायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून ते जाऊन-येऊन काम करायचे आणि तो खर्च उत्पन्नातून वजा करू पाहत होते. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नाही. रेल्वेच्या धंद्याला तुम्ही जॅक्सनमध्ये राहण्याची गरज नाही. ती तुमची हौस आहे, तेव्हा खर्चही तुमचाच.

आता गंमत बघा. घर न हलवता जा-ये केली तर ती तुमची मर्जी. आणि घर हलवलं तर? तेव्हाच्या कायद्याप्रमाणे तीसुद्धा तुमची मर्जीच! म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

पण याच काळात देश बदलत होता. दुसऱ्या महायुद्धाआधी प्राप्तिकर हा थोड्याशा पैसेवाल्या लोकांचा विषय होता. १९४५ पर्यंत कर भरणाऱ्यांची संख्या चार कोटींच्या वर गेली. आणि हेच नवे करदाते युद्धानंतर सतत हलत होते. १९५० आणि ६०च्या दशकांत दर वर्षी साधारण पाचातला एक अमेरिकन घर बदलायचा. मोठमोठ्या कंपन्या आपल्या माणसांना दर दोन-चार वर्षांनी या गावाहून त्या गावाला पाठवत. आय.बी.एम. या अक्षरांचा अर्थ 'आय'व्ह बीन मूव्ह्ड' म्हणजे 'माझी बदली झालीये' असा आहे, हा विनोद तिथलेच लोक करायचे. विल्यम व्हाइट यांनी १९५६ साली 'द ऑर्गनायझेशन मॅन' नावाचं पुस्तक लिहिलं. शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्ट वसाहतीतल्या अशाच बदलीवाल्या कुटुंबांचा त्यांनी अभ्यास केला होता. आपल्या बँक कॉलनीतल्या लोकांना ते वर्णन वाचून अगदी घरच्यासारखं वाटेल.

या कंपनीवाल्यांची सोय १९५४ साली झाली. कर खात्याने एक निर्णय दिला की कंपनीने आपल्याच जुन्या माणसाची स्वतःच्या सोयीसाठी बदली केली आणि सामान-प्रवासाचा खर्च भरून दिला, तर ते पैसे त्याचं उत्पन्न धरायचे नाहीत. पण नवीन नोकरीवर रुजू होणाऱ्याला हाच खर्च मिळाला तर त्यावर कर. आणि ज्याला कोणीच काही दिलं नाही, स्वतःच्या खिशातून ट्रक केला, त्याला वजावटही नाही.

म्हणजे ज्याची नोकरी पक्की त्याला सवलत, आणि जो नोकरी शोधत गाव सोडतो त्याच्यावर भार. अ‍ॅपलेशियाच्या डोंगराळ भागात तेव्हा कोळशाच्या खाणींत यंत्रं येत होती आणि हजारो खाणकामगारांची कुटुंबं डेट्रॉइट, शिकागो, सिनसिनाटीची वाट धरत होती. त्यांची बदली कोणी केली नव्हती. पोटानेच केली होती म्हणा ना.

केनेडी अध्यक्ष झाल्यावर बेकारी असलेल्या भागांचा प्रश्न ऐरणीवर होता. काम एकीकडे आणि माणसं दुसरीकडे असतील, तर माणसांना हलायला मदत करावी, हा विचार तेव्हा जोरात होता. १९६३ साली केनेडींनी कर-सुधारणांचा जो प्रस्ताव मांडला, त्यात घर हलवण्याच्या खर्चाची वजावटही होती. तो कायदा होईपर्यंत ते हयात नव्हते. २६ फेब्रुवारी १९६४ रोजी लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली आणि कलम २१७ जन्माला आलं. आता नवा नोकर असो की जुना, कंपनीने पैसे दिलेले असोत की नसोत, नोकरीसाठी घर हलवलं तर सामानाचं भाडं आणि कुटुंबाच्या प्रवासाचा खर्च उत्पन्नातून वजा.

अटी दोन. एक अंतराची. जुन्या घरापासून नवं काम, हे जुन्या घरापासून जुन्या कामापेक्षा किमान २० मैल जास्त लांब हवं. (उगाच पलीकडच्या गल्लीत मोठं घर घेतलं आणि म्हणे नोकरीसाठी, असं चालायचं नाही!) दुसरी वेळेची. नव्या जागी पहिल्या बारा महिन्यांत किमान ३९ आठवडे पूर्ण वेळ नोकरी हवी.

ही ३९ आठवड्यांची अट वरवर निरुपद्रवी दिसते. पण जरा विचार करा, ही कोणाला बाहेर ठेवते? फ्लोरिडात संत्री तोडून उन्हाळ्यात उत्तरेकडे भाजीच्या शेतांवर जाणारा शेतमजूर. अख्ख्या देशात कामासाठी सर्वांत जास्त हलणारा माणूस तोच, पण तो एका जागी ३९ आठवडे टिकतच नाही. कायद्याला माणूस हलायला हवा होता, पण एकदाच हलून स्थिर होणारा.

दुसरी एक गोष्ट आपले लोक नेहमी विसरतात, म्हणून सांगते. वजावट म्हणजे सरकारने पैसे परत देणं नव्हे. तेवढं उत्पन्न कमी धरतात, बस. १९६४च्याच कायद्याने कराचे दर २० ते ९१ टक्क्यांवरून उतरवत १९६५ पासून १४ ते ७० टक्क्यांवर आणले. आता समजा, ट्रकला ५०० डॉलर लागले. सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाचे त्यातले ७० डॉलर वाचले आणि सगळ्यात वरच्या पायरीवरच्या साहेबाचे ३५०. ट्रक तोच, मैल तेच. आणि ज्याचं उत्पन्न करपात्रच नाही, त्याच्या हाती शून्य. खाणकामगाराच्या नावाने आणलेली सवलत अशी साहेबाच्या घरी जास्त पावली.

पुढची तीस वर्षं हे कलम म्हणजे सासू-सुनेच्या स्वयंपाकघरातला मिठाचा डबा झालं होतं. एक येऊन घालते, दुसरी येऊन काढते. १९६९ साली उदार हात. घर शोधायला आधी केलेल्या फेऱ्या, नव्या गावी तात्पुरतं राहणं, जुनं घर विकण्याचा दलालीसकट खर्च, हेही काही मर्यादेपर्यंत वजा करा म्हणाले (एकूण मर्यादा २,५०० डॉलर). स्वतःचा धंदा करणाऱ्यांनाही आत घेतलं. पण अंतराची अट २० वरून ५० मैल केली. १९७६ साली अंतर ५० वरून ३५ आणि मर्यादा ३,००० डॉलर. सैन्यातल्या लोकांना बदलीच्या वेळी अंतर आणि वेळ दोन्ही अटी माफ झाल्या त्याही तेव्हाच.

मग १९८६. रेगन यांच्या काळातला मोठा कर-सुधारणा कायदा. त्यात ही वजावट काढली नाही, नुसती जागा बदलली. आधी ती सरळ उत्पन्नातून वजा व्हायची. १९८७ पासून फक्त त्यांनाच मिळू लागली, जे ठरावीक प्रमाणित वजावट न घेता एकेक खर्च मांडून दाखवतात. असं मांडून दाखवणं परवडतं ते सहसा घराच्या कर्जाचं व्याज भरणाऱ्यांना. भाड्याच्या घरात राहणारे बहुतेक जण आपोआप बाहेर. एक ओळ इथून उचलून तिथे ठेवली, आणि भाडेकरूचा ट्रक सरकारला दिसेनासा झाला.

१९९३ साली क्लिंटन यांचा तूट कमी करण्याचा कायदा अल गोर यांच्या निर्णायक मताने सिनेटमध्ये कसाबसा पास झाला. त्यात पुन्हा उलटापालट. अंतर परत ५० मैल. घर शोधायच्या फेऱ्या, घरविक्रीचा खर्च, वाटेतलं जेवण, सगळं बंद. फक्त सामान, प्रवास आणि वाटेतला मुक्काम. पण उरलेली ही वजावट परत सगळ्यांना, भाडेकरूंनाही, मिळू लागली. लहान झाली, पण मला विचाराल तर जास्त न्यायी झाली.

आमच्या वाट्याला आला तो हा १९९३ नंतरचा अवतार.

२००४ साली नवऱ्याला मिनिआपोलिसला नोकरी लागली आणि आम्ही न्यू जर्सीतलं एडिसन सोडलं. साधारण १,२०० मैल. सामान ट्रकने, आम्ही तिघं गाडीने. पुढच्या मार्चमध्ये जेवणाच्या टेबलावर पावत्या पसरून ३९०३ नंबरचा फॉर्म भरायला मीच बसले, कारण घरातलं गणित माझ्याकडे. फॉर्म जेमतेम पाच-सहा ओळींचा, पण त्याच्या सूचना वाचण्यासारख्या. स्वतःच्या गाडीचा प्रवास मैलाला १४ सेंट. म्हणजे आमचे १६८ डॉलर. त्याच वर्षी कंपनीच्या कामासाठी गाडी चालवली असती तर दर होता मैलाला साडेसदतीस सेंट! वाटेतल्या मोटेलचं भाडं चालेल, जेवण चालणार नाही. (आमच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी डब्यातच होती, त्यामुळे नुकसान नाही.) गॅस-विजेची जोडणी करून घेण्याचा खर्च चालेल, नव्या राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स चालणार नाही. कुत्रा-मांजर पाठवायचा खर्च चालेल. हो, खरंच!

अजून एक गोष्ट तेव्हा त्या सूचनांमधून कळली, ती आजवर विसरले नाही. तात्पुरत्या कामासाठी आलेल्या आणि कराच्या दृष्टीने 'अनिवासी' ठरणाऱ्या परदेशी माणसालाही, अंतर आणि वेळेच्या अटी पाळल्या तर, मायदेशाहून अमेरिकेत यायचा खर्च वजा करता यायचा. पण काम संपवून आपल्या देशात परत जायचा खर्च? तो नाही. येणं हे कामासाठी, आणि जाणं हे तुमचं खासगी. परत जाऊ की नको यावर आपल्याकडे रात्र-रात्र गप्पा झडतात, कर खात्याने तो विषय एका वाक्यात संपवला होता.

फॉर्म भरताना मला आठवत होत्या त्या बाबांच्या बदल्या. भारतात या प्रश्नाचं उत्तर वेगळ्या वाटेने दिलेलं होतं. बदली झाली की ट्रकची पावती बँकेला द्यायची, बँक पैसे देणार. १९६१च्या आयकर कायद्याचं कलम १०(१४) आणि त्याखालचा नियम २बीबी यांत असा बदलीभत्ता, सामान बांधून नेण्याच्या खर्चासकट, खरोखर खर्च झाला तेवढा करमुक्त धरलेला होता. पण नोकरदाराने आपल्या खिशातून केलेला खर्च? त्याला वजावट नाही. म्हणजे मालक मोठा असेल, सरकार असेल, बँक असेल, तर सामान फुकट. आणि नव्या नोकरीसाठी स्वतःहून औरंगाबादहून पुण्याला गेलेल्याचं काय? त्याचं तो बघेल. अमेरिकेच्या १९५४ सालच्या निर्णयाचंच हे भावंड. अमेरिकेने १९६४ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं होतं, एवढाच फरक.

कॅनडाने तेच पाऊल १९७२ साली टाकलं, आणि ते अजून मागे घेतलेलं नाही. तिथे नवं घर नव्या कामाच्या ४० किलोमीटर जवळ यावं लागतं. ब्रिटनने १९९३ साली भारतासारखीच वाट धरली. कंपनीने दिलेले पैसे ८,००० पौंडांपर्यंत करमुक्त. तीस वर्षं उलटून गेली तरी तो आकडा तेवढाच राहिला, लंडनची भाडी मात्र कुठल्या कुठे गेली.

असो. अमेरिकेकडे परत.

२२ डिसेंबर २०१७ रोजी ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतला कर कायदा झाला. दर खाली, प्रमाणित वजावट जवळपास दुप्पट, आणि त्याची भरपाई म्हणून अनेक लहानसहान वजावटी बंद. त्यात आपली ही पण गेली. २०१८ ते २०२५ स्थगित, अपवाद फक्त हुकुमाने बदली झालेल्या सैनिकांचा. एवढंच नाही, कंपनीने खर्च भरून दिला तर तोही पगारात धरायचा आणि त्यावर कर. म्हणजे १९५४च्या सवलतीच्याही मागे गेलो. मोठ्या कंपन्या वरचा करही स्वतः भरून देतात; लहान कंपनीतला माणूस "आठ हजार डॉलर रिलोकेशन" ऐकून खूश होतो आणि हातात सहा हजारच्या आसपास आल्यावर आम्हाला फोन करतो. काही राज्यांनी, उदाहरणार्थ कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्कने, २०१८ नंतरही आपल्या राज्याच्या करात ही वजावट चालू ठेवली. म्हणून मुलांनो, पावत्या फेकू नका, आधी आपल्या राज्याचा नियम बघा.

स्थगिती २०२५ला संपेल आणि २०२६ पासून वजावट परत येईल, असं कायद्यात लिहिलेलं होतं. पण ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या नव्या कायद्याने ती कायमचीच बंद केली. सैनिकांच्या अपवादात गुप्तचर खात्यांतल्या लोकांची भर पडली, बाकीच्यांसाठी दार बंद.

हे का झालं, याला माझं उत्तर असं. १९६४ मध्ये माणसं हलणं ही देशाची गरज समजली जात होती. २०१७ पर्यंत तो विचारच विरला होता. माणसं हलणंही कमी झालं होतं. पाचातल्या एकाऐवजी २०१९ मध्ये वर्षाला दहातला एकही घर बदलत नव्हता. वजावट गेली म्हणून माणसं हलायची थांबली असं नाही, ती आधीच मंदावली होती. कारणं अनेक. लोकसंख्येचं वय वाढलं, शहरातली घरं परवडेनाशी झाली, आणि नवरा-बायको दोघं नोकरी करणारे असले की एकाच्या नोकरीसाठी दोघांनी हलणं म्हणजे एक पगार मिळवायला दुसरा सोडणं.

हे शेवटचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते कुठल्याच फॉर्मवर कधीच नव्हतं. अगदी १९६९च्या उदार काळातसुद्धा नाही.

१९८३ साली बाबांची साताऱ्याहून नांदेडला बदली झाली. मावशी, तू बांधाबांध करायला आली होतीस, तुला आठवत असेल. भांड्यांना वर्तमानपत्र गुंडाळून तू पोत्यात भरत होतीस. ट्रकचं भाडं बँकेने दिलं, पावतीप्रमाणे, पै न् पै. आई साताऱ्यात शाळेत शिकवत होती. नोकरी कायम होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, ती तिने सोडली. नांदेडला जागा रिकामी नव्हती, मग आम्ही लहान, मग पुढची बदली. तिने पुन्हा कधी शाळेत शिकवलं नाही. त्याची पावती नव्हती, म्हणून ते बदलीच्या बिलात आलं नाही. आणि मी २००४ मध्ये एच-४ व्हिसावर होते. तेव्हा त्या व्हिसावर नोकरी करायला बंदीच होती, (काही जणींना परवानगी मिळू लागली ती २०१५ पासून). त्यामुळे फॉर्म ३९०३च्या दृष्टीने मी फक्त 'घरातली एक व्यक्ती' होते, जिचा प्रवासखर्च धरता येतो.

प्राप्तिकराच्या फॉर्ममध्ये सगळं आयुष्य मावावं अशी माझी अपेक्षा नाही. पावती नसलेल्या गोष्टी सरकारने कशा मोजायच्या, हेही मला सुचलेलं नाही. पण त्या पाच-सहा ओळींच्या फॉर्मने एक गोष्ट मान्य केली होती. माणूस कामासाठी गाव सोडतो तेव्हा ती त्याची हौस नसते, तो कामाचाच भाग असतो, आणि त्याचा थोडा भार सगळ्यांनी उचलायला हरकत नाही. आज हे फक्त सैनिक आणि हेर यांच्याबाबत मान्य आहे, कारण त्यांना हुकूम येतो. बाकीच्यांना हुकूम येत नाही, फक्त जुन्या गावातली नोकरी जाते किंवा नव्या गावातली मिळते.

आमच्या मुलीला परवा दुसऱ्या राज्यातून नोकरीचं बोलावणं आलंय. जावई म्हणतो, तूच ठरव, मी काहीतरी शोधीन तिकडे. मी दोघांना एवढंच सांगितलं, की कागद घ्या, ट्रकच्या भाड्याच्या खाली एक ओळ ओढा, आणि जी गोष्ट कुठल्याच फॉर्मवर येत नाही तीसुद्धा त्या खाली आकड्यात लिहून बघा. मग काय ते ठरवा.